कॉलेजचा खर्च, फाफ्सा आणि आर्थिक मदत: खरंच काही मिळतं का?

रानजाई
३१ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

लेक आता अकरावीत गेली. २०२७ च्या फॉलला कॉलेजात जाईल. आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही नोकरी करतो, दोघांचं मिळून एक लाख नव्वद हजारांच्या आसपास उत्पन्न आहे. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण घराचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, धाकट्याचं डेकेअर आणि भारतात सासूसासऱ्यांना दरमहा पाठवायचे पैसे वजा जाता जे उरतं त्यात वर्षाला ८०-९० हजार डॉलर कुठून बसवायचे?

या आठवड्यात गणपतीला सगळे जमले होते, तिथे तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाले, या उत्पन्नाला काही मिळत नाही, फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरण्यात वेळ घालवू नका. दुसरे म्हणाले, मदत मागितली की ॲडमिशन हुकते. तिसऱ्या काकू म्हणाल्या, ५२९ मध्ये (कॉलेजसाठीच्या बचत खात्यात) पैसे ठेवलेत ना, मग विसरा, साठवणाऱ्यालाच शिक्षा होते.

यातलं खरं किती? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मला फाफ्सा, सीएसएस, ग्रँट, मेरिट हे सगळे शब्द माहीत आहेत, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत.

टेकडीवाला
३१ ऑगस्ट, रात्री १०:०५

फाफ्सा भरा. फुकट आहे. बाकी चर्चा नंतर.

पाटीपेन्सिल
३१ ऑगस्ट, रात्री ११:२०

मी बरीच वर्षं एका सरकारी विद्यापीठाच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

कॉलेज खर्चाचा जो आकडा वेबसाइटवर छापतं तो भाजीवाल्याने सांगितलेला पहिला भाव समजा. त्यात ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास सगळं धरलेलं असतं. त्यातून जे परत करायचं नाही (ग्रँट आणि स्कॉलरशिप) तेवढंच वजा करा. उरेल ती नेट प्राइस, आणि तुलना फक्त तिची करायची. फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजने वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवलाच पाहिजे, असा नियम २०११ पासून आहे. टॅक्स रिटर्न समोर घेऊन बसलात तर एका कॉलेजला अर्धा तास पुरतो. लेक अकरावीत असतानाच हे करा, बारावीच्या एप्रिलमध्ये नको.

आता मदत कुठून येते. फेडरल सरकारची पेल ग्रँट २०२५-२६ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे. ती कमी उत्पन्नाच्या घरांसाठी असते, तुम्हाला मिळणार नाही. पण फाफ्सा भरला की फेडरल डायरेक्ट लोन कोणत्याही उत्पन्नाच्या मुलाला मिळू शकतं: पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे दरवर्षी ७,५००. गरज सिद्ध झाली तर त्यातल्या काही भागावर कॉलेजात असेपर्यंत व्याज सरकार भरतं, नाहीतर पहिल्या दिवसापासून व्याज मुलाच्या नावावर चढतं. २०२५-२६ चा दर ६.३९ टक्के. याशिवाय राज्याची मदत वेगळी, आणि सगळ्यात मोठी थैली असते ती खुद्द कॉलेजची. कॉलेजची थैली दोन तऱ्हेने उघडते, गरज बघून किंवा मुलाचे मार्क बघून (यालाच मेरिट म्हणतात). कोणतं कॉलेज कशावर पैसे देतं हे कळलं की अर्धं काम झालं.

तारखांचं गणित नीट समजून घ्या. मूल ज्या वर्षी कॉलेजात जातं, फाफ्सा त्याच्या आधीच्या वर्षाचं नाही, त्याच्याही आधीच्या वर्षाचं उत्पन्न बघतो. तुमची लेक २०२७ मध्ये जाणार म्हणजे २०२५ चं उत्पन्न मोजलं जाईल. म्हणजे हेच चालू वर्ष. शेअर विकून मोठा नफा काढायचा विचार असेल तर तो या चार महिन्यांत होतोय की कधी, याचा विचार आताच करा.

रानजाई
१ सप्टेंबर, सकाळी ७:१५

पाटीपेन्सिल, खूप आभार! २०२५ मोजणार हे मला माहीतच नव्हतं. नवऱ्याला आत्ताच उठवून सांगितलं.

घाटवाट
१ सप्टेंबर, सकाळी ८:५०

त्या काकूंच्या ५२९ बद्दल. हा गैरसमज दर गणपतीला आणि दर दिवाळीला ऐकू येतो. पालकांच्या नावावरच्या ५२९ मधला जास्तीत जास्त ५.६४ टक्के हिस्सा फाफ्साच्या हिशेबात येतो. लाख डॉलर असतील तर वर्षाला ५,६४० डॉलर. उलट मुलाच्या नावावर यूटीएमए खातं असेल तर त्याचे २० टक्के धरतात. ४०१के आणि आयआरए या निवृत्तीच्या खात्यांमधली शिल्लक धरतच नाहीत. राहतं घर फाफ्सा धरत नाही.

आणि एक. आजी-आजोबांच्या नावावरच्या ५२९ मधून पैसे काढले की पूर्वी ते मुलाचं उत्पन्न म्हणून मोजायचे. २०२४-२५ च्या नव्या फाफ्सापासून ते बंद झालं.

साठवणाऱ्याला शिक्षा होत नाही. उत्पन्नाचा भार साठवलेल्या पैशापेक्षा कितीतरी जास्त पडतो.

कोकणगार
१ सप्टेंबर, दुपारी १२:३०

राहतं घर फाफ्सा धरत नाही, पण सीएसएस प्रोफाइल हा वेगळा फॉर्म मागणारी बरीच खाजगी कॉलेजं धरतात हो. आमच्या घराची किंमत मधल्या काळात दुप्पट झाली, हातात दमडी आली नाही, आणि एका कॉलेजच्या हिशेबात आम्ही श्रीमंत ठरलो. दुसऱ्या कॉलेजने घर बघितलंच नाही. दोघांच्या नेट प्राइसमध्ये १९ हजारांचा फरक! दोन्हीकडे फॉर्म तोच, उत्पन्न तेच.

पाटीपेन्सिल
१ सप्टेंबर, दुपारी १:१०

कोकणगार यांचं बरोबर आहे. सीएसएस प्रोफाइल कॉलेज बोर्डाचा फॉर्म आहे, साधारण अडीचशे कॉलेजं तो मागतात, आणि त्या माहितीचं काय करायचं ते प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. फाफ्साचं सूत्र कायद्याने ठरलेलं आहे, सीएसएसचं तसं नाही. पहिल्या कॉलेजला फी २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६, आणि उत्पन्न लाखाच्या आत असेल तर फी माफ.

सांजवेळ
१ सप्टेंबर, दुपारी ३:४५

माझा प्रश्न थोडा वेगळा. आमचा पुण्यात एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. शिवाय साताऱ्याच्या वडिलोपार्जित घरात नवऱ्याचा तिसरा हिस्सा. हे फाफ्सात दाखवायचं? इथल्या ओळखीतले सगळे म्हणतात, भारतातलं कोण विचारतंय.

घाटवाट
१ सप्टेंबर, दुपारी ४:२०

दाखवायचं. राहतं घर सोडून बाकी सगळी स्थावर मालमत्ता 'इन्व्हेस्टमेंट' या रकान्यात जाते, मग ती पुण्यात असो की प्लेनफील्डला. फॉर्म भरता त्या दिवशीची किंमत, वजा त्यावरचं कर्ज. वडिलोपार्जित घरात नवऱ्याच्या मालकीचा जेवढा हिस्सा, तेवढाच. एनआरई खात्यातल्या एफडीसुद्धा. भाडं तर तसंही तुमच्या अमेरिकन टॅक्स रिटर्नमध्ये यायलाच हवं.

'कोण विचारतंय' हा सल्ला कृपया कुणी मानू नका. फाफ्सावर सही करताना माहिती खरी असल्याची हमी आपण देतो, आणि खोटं लिहिलं तर २० हजार डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवास लिहिलेला आहे. मुलाचं नाव त्या फॉर्मवर पहिलं असतं.

निवांत
१ सप्टेंबर, संध्याकाळी ६:००

आणि भारतात आईवडिलांना पाठवतो त्या पैशांचं काय? ते कुटुंबात धरता येतात का? आम्ही दरमहा पाठवतो, आईच्या डायलिसिसचा खर्चही आमच्यावर आहे. त्यांचा सगळा भार आमच्यावर, मग ते कुटुंब नाही का?

पाटीपेन्सिल
१ सप्टेंबर, रात्री ८:१५

निवांत, हा प्रश्न माझ्या टेबलावर आपल्या लोकांकडून सारखा येतो आणि उत्तर देताना मला दर वेळी वाईट वाटतं. फाफ्सात आजी-आजोबा धरायचे असतील तर त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करायला हवा आणि ते तुमच्या घरात राहायला हवेत. भारतात राहणारे धरता येत नाहीत.

पण इथे थांबू नका. सीएसएस प्रोफाइलमध्ये शेवटी 'स्पेशल सर्कमस्टन्सेस' म्हणून जागा असते. तिथे साध्या वाक्यांत लिहा: आईच्या डायलिसिससाठी वर्षाला इतके डॉलर पाठवतो, विमा नाही, दुसरं कुणी कमावतं नाही. सोबत हॉस्पिटलची बिलं आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या. फक्त फाफ्सा घेणाऱ्या कॉलेजालाही हे पत्र पाठवता येतं. एड ऑफिसरला विशेष परिस्थिती बघून आकडे बदलण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे, त्याला 'प्रोफेशनल जजमेंट' म्हणतात. मिळेलच असं नाही, प्रत्येक ऑफिसचा विचार वेगळा. पण आपली माणसं हे पत्र लिहीतच नाहीत. घरची अडचण परक्याला सांगायची नाही ही आपली सवय, आणि ऑफिसला न सांगितलेलं दिसत नाही.

निवांत
१ सप्टेंबर, रात्री ८:४०

धन्यवाद. पावत्या सगळ्या आहेत. लिहितो.

शिंपला
१ सप्टेंबर, रात्री ९:३०

पत्राने फरक पडतो याला माझा दुजोरा. मागच्या जानेवारीत माझी नोकरी गेली. फाफ्सात दोन वर्षांपूर्वीचा पूर्ण पगार दिसत होता. मुलाच्या कॉलेजला टर्मिनेशन लेटर, बेकारी भत्त्याचा कागद आणि नवऱ्याच्या पगाराची स्लिप पाठवली. तीन आठवड्यांनी ग्रँट वाढवून आली. भांडायची गरज पडली नाही, आवाज चढवायची नाही. कागद स्पष्ट हवेत एवढंच.

नवखा२३
२ सप्टेंबर, सकाळी ९:००

आम्ही दोघं एचवनबीवर (नोकरीच्या व्हिसावर). मोठा मुलगा भारतात जन्मलेला, एचफोरवर (आमच्यावर अवलंबून म्हणून मिळालेल्या व्हिसावर). धाकटी इथे जन्मलेली. फाफ्साचा आमच्याशी काही संबंध आहे का?

टेकडीवाला
२ सप्टेंबर, सकाळी ९:२५

धाकटीसाठी आहे. ती नागरिक आहे, तुमचा व्हिसा कुठला याने तिच्या पात्रतेला फरक पडत नाही. मोठ्यासाठी फेडरल मदत नाही, कारण एचफोर पात्रतेच्या यादीत बसत नाही. ग्रीन कार्ड आलं तर बसेल.

पाटीपेन्सिल
२ सप्टेंबर, सकाळी १०:१०

त्यात भर: मोठ्याला कॉलेजची स्वतःची मेरिट स्कॉलरशिप मिळू शकते, आणि बऱ्याच राज्यांत एचफोरच्या मुलांना इन-स्टेट ट्यूशन (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) लागू होते. ते राज्याच्या आणि विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर विसंबू नका. तो २१ वर्षांचा व्हायच्या आत स्टेटसचं काय करायचं हे इमिग्रेशन वकिलाशी आताच बोला. एफवन (विद्यार्थी व्हिसा) झाला की काही ठिकाणी इन-स्टेट दर जातो, म्हणजे तिसऱ्या वर्षी बिल एकदम वाढतं.

मोरपंख
२ सप्टेंबर, दुपारी २:००

धागा जरा वळवते. माझा भाचा नाशिकला बारावीत आहे, त्याला इथे बीएसला यायचंय. त्याला मदत मिळते का कुठे?

घाटवाट
२ सप्टेंबर, दुपारी २:४०

फाफ्सा त्याच्यासाठी नाही. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन परदेशी मुलांचे अर्जही पैशाकडे न बघता वाचतात आणि घेतलं तर पूर्ण गरज भागवतात. तिथे प्रवेश मिळणं किती अवघड ते सांगायला नको. बाकी बहुतेक कॉलेजं परदेशी अर्जदारांच्या बाबतीत 'नीड अवेअर' असतात, म्हणजे मदत मागितली हे प्रवेशाच्या निर्णयात धरलं जातं. म्हणून मदत मागायची नाही असं मात्र करू नये. पहिल्या अर्जात मागितली नाही तर पुढची चार वर्षं मागता येणार नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे.

रानजाई, तुमच्या गणपतीतल्या दुसऱ्या पाहुण्यांचं म्हणणं इथून आलेलं दिसतंय. इथल्या नागरिक मुलांसाठी सरकारी विद्यापीठं आणि अनेक मोठी खाजगी कॉलेजं प्रवेश देताना मदतीचा अर्ज बघत नाहीत. काही छोटी खाजगी कॉलेजं शेवटच्या काही जागांसाठी बघतात. ती कोणती ते त्यांच्याच वेबसाइटवर असतं.

कोकणगार
२ सप्टेंबर, संध्याकाळी ५:३०

एवढी आकडेमोड वाचून एक प्रश्न पडतो. मुलांवर कर्ज कशाला टाकायचं? आपल्या आईवडिलांनी आपल्यावर टाकलं का? मी ४०१के मधून काढलं आणि भरलं. मुलगी एकही डॉलर देणं न लागता बाहेर पडली, याचा मला अभिमान आहे.

घाटवाट
२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

कोकणगार, अभिमान रास्तच आहे. पण हा मार्ग दुसऱ्या कुणाला सुचवताना एक गोष्ट सांगायला हवी: ४०१के मधून काढलेली रक्कम टॅक्स रिटर्नवर उत्पन्न म्हणून येते. टॅक्स लागतोच, वर पुढच्या फाफ्सात तेच उत्पन्न धरून मदत घटते. खात्यात होती तेव्हा जी रक्कम मोजली जात नव्हती, ती बाहेर काढली की मोजली जाते.

अंजिरी
२ सप्टेंबर, रात्री ९:१५

मी इथेच वाढले, मराठी रविवारच्या शाळेत शिकले, चुका पोटात घाला.

कोकणगार काका, मी डायरेक्ट लोन घेतलं, चार वर्षांचं मिळून २७ हजार. आता नोकरी आहे, दरमहा फेडते. ते ओझं नाही वाटत. त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. आईबाबांनी पैशाचा विषय माझ्यासमोर कधी काढलाच नाही. 'तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू.' मी अकरा कॉलेजांना अर्ज केले. सगळ्यात आवडतं होतं तिथे प्रवेशही मिळाला. मग एप्रिलमध्ये एका रात्री दोघं माझ्या खोलीत आले आणि बाबा म्हणाले, जमणार नाही. १ मे ला उत्तर द्यायचं होतं. मला कॉलेज गेल्याचं तेवढं नाही वाटलं, जेवढं हे वाटलं की त्यांना हे सप्टेंबरपासून माहीत होतं.

रानजाई मावशी, मुलीला आकडा सांगा. 'आम्ही वर्षाला इतके देऊ शकतो.' अर्ज करायच्या आधी सांगा. ती समजून घेईल. ती स्वतः अशी कॉलेजं शोधेल जी तुम्हाला माहीतही नसतील.

सांजवेळ
२ सप्टेंबर, रात्री ९:५०

अंजिरी, किती छान लिहितेस गं. पोटात घालण्यासारखी एकही चूक नाही.

कोकणगार
२ सप्टेंबर, रात्री १०:२०

अंजिरी, तुझं म्हणणं पटलं. आकडा सांगायला हवा. कर्जाबाबत माझं मत अजून तेच आहे, पण ते माझ्या मुलीला विचारून ठरवायला हवं होतं एवढं मान्य.

शिंपला
३ सप्टेंबर, सकाळी ८:३०

आकड्यांवरून आठवलं. ऑफर लेटर कसं वाचायचं हे कुणी लिहिलेलं नाही. माझ्या मुलाला एका कॉलेजकडून आलेलं पत्र समोर ठेवते. वर मोठ्या अक्षरांत 'अभिनंदन, तुमचं अवॉर्ड ६२,५०० डॉलर'. खाली पाच ओळी:

युनिव्हर्सिटी ग्रँट १८,०००
डीन्स स्कॉलरशिप ६,०००
फेडरल डायरेक्ट लोन ५,५००
वर्क-स्टडी ३,०००
पॅरेंट प्लस ३०,०००

आणि तळाला: उरलेला खर्च ०. नवरा आनंदाने उडालाच! मी म्हटलं थांब. खर्च ६२,५००, त्यातून खरी सूट पहिल्या दोन ओळींची, २४ हजार. म्हणजे नेट प्राइस ३८,५००. वर्क-स्टडीचे ३,००० बिलातून वजा होत नाहीत, ते मुलाने लायब्ररीत किंवा लॅबमध्ये तास भरले की त्याच्या खात्यात पगार म्हणून येतात. आणि शेवटची ओळ म्हणजे दरवर्षी आमच्या नावावर तीस हजारांचं कर्ज.

पाटीपेन्सिल
३ सप्टेंबर, सकाळी ९:४५

शिंपला, हे पत्र मी इथल्या प्रत्येक पालकाला वाचायला लावीन. सरकारच्या हिशेब तपासनीस कार्यालयाने, म्हणजे जीएओने, २०२२ च्या अहवालात म्हटलंय की अंदाजे ९१ टक्के कॉलेजं पत्रात नेट प्राइस एकतर कमी दाखवतात किंवा दाखवतच नाहीत.

पॅरेंट प्लसचं व्याज २०२५-२६ ला ८.९४ टक्के आहे, वर कर्ज देतानाच चार टक्क्यांहून जास्त फी कापतात. आणि जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने मर्यादा घातली आहे: १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारच मिळतील. रानजाई, तुम्हाला हेच लागू होईल. तीन वर्षं वीस-वीस हजार घेतले तर चौथ्या वर्षासाठी फक्त पाच हजार उरतात. ज्या कॉलेजचं गणित प्लसवर उभं आहे, ते चौथ्या वर्षी कोसळतं. चारही वर्षांचा कागद एकदम मांडा.

जुळ्यांचीआई
३ सप्टेंबर, सकाळी ११:००

आमच्यावर झालेला अन्यायही नोंदवते. पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की फाफ्सा पालकांचा वाटा दोघांत वाटायचा. २०२४-२५ पासून ती सोय गेली. जुळी असूनही आमचा एसएआय (फाफ्साने काढलेला पालकांच्या ऐपतीचा आकडा) दोघींसाठी पूर्ण पूर्ण. सीएसएसवाल्या कॉलेजांपैकी काही अजून वाटून देतात, म्हणून आम्ही यादीत तशी चार घातली.

मळ्यातला
३ सप्टेंबर, दुपारी १२:१५

ज्यांचा स्वतःचा धंदा आहे त्यांच्यासाठी: २०२४-२५ पासून कुटुंबाच्या छोट्या धंद्याची किंमत फाफ्सात मोजायला लागले होते. त्याच जुलैच्या कायद्याने शंभरपर्यंत कर्मचारी असलेला कुटुंबाचा धंदा २०२६-२७ पासून पुन्हा वगळला आहे. आमच्या घरी पेढे वाटले.

टेकडीवाला
३ सप्टेंबर, दुपारी १:००

मळ्यातला, पेढे इकडे पोचले नाहीत.

मूळ मुद्द्यावर येतो. रानजाई यांच्या उत्पन्नाला गरजेची मदत अगदीच नाही असं नाही. हार्वर्डने २०२५-२६ पासून दोन लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ट्यूशन माफ केली आहे, एमआयटीनेही दोन लाखांच्या आतल्यांना, दोन्हीकडे अट साधारण मालमत्तेची. पण त्या प्रवेशावर घर चालवता येत नाही. १९० हजारवाल्यांचं खरं मैदान मेरिटचं. आयव्ही कॉलेजं (हार्वर्ड, येल वगैरे) मेरिटवर एक डॉलर देत नाहीत. त्यांच्या एक पायरी खालची, चांगली मुलं खेचून आणायची असलेली कॉलेजं भरपूर देतात. अलाबामा विद्यापीठाने तर तक्ताच लावलेला आहे, अमुक जीपीए (मार्कांची सरासरी) आणि अमुक सॅट (प्रवेश परीक्षेचा स्कोअर) असेल तर अमुक रक्कम.

कोणतं कॉलेज किती देतं हे बघायला 'कॉमन डेटा सेट' आणि कॉलेजचं नाव टाकून शोधा. त्यात एच विभाग असतो. एच२ए या भागात गरज नसलेल्या किती मुलांना मेरिट मिळालं आणि सरासरी किती, हे लिहिलेलं असतं. मी मुलासाठी वीस कॉलेजांचा तक्ता केला आणि निम्मी नावं त्या रात्रीच खोडली.

घाटवाट
३ सप्टेंबर, दुपारी १:४५

राज्याचं विसरू नका. जॉर्जियात माझी बहीण राहते, तिच्याकडे होप स्कॉलरशिप. १९९३ पासून लॉटरीच्या पैशावर चालते, उत्पन्नाची अट नाही. मात्र कॉलेजात गेल्यावर ३.० जीपीए टिकवायला लागतो, ३० क्रेडिटला पहिली तपासणी होते आणि तिथे पुष्कळ मुलं गमावतात.

न्यू जर्सीत एनजे स्टार्स आहे. वर्गात पहिल्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलांना आपल्या काउंटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) ट्यूशन माफ, नंतर चार वर्षांच्या कॉलेजात बदली केली तर स्टार्स टू. यालाही उत्पन्न आड येत नाही पहिल्या टप्प्यात, पण फाफ्सा भरलेला लागतो. पहिल्या पाहुण्यांना हे नक्की सांगा.

मोरपंख
३ सप्टेंबर, दुपारी २:३०

काउंटी कॉलेज? ९५ टक्के मार्कांच्या मुलीला? लोक काय म्हणतील याची मला पर्वा नाही, पण तिला स्वतःला काय वाटेल?

अंजिरी
३ सप्टेंबर, दुपारी ३:१०

माझी रूममेट काउंटी कॉलेजातून बदली होऊन आली होती. डिग्रीवर दोघींच्या एकाच विद्यापीठाचं नाव आहे. तिने दोन वर्षं मित्रमैत्रिणी हॉस्टेलवर असताना घरून ये-जा केली, ते तिला जड गेलं हेही खरं. तिलाच विचारा म्हणजे मुलीला. पुन्हा तेच सांगतेय!

पाटीपेन्सिल
३ सप्टेंबर, दुपारी ४:००

हा मार्ग घ्यायचा असेल तर कोणता कोर्स पुढे कशाला चालतो हे दोन्ही कॉलेजांकडून लेखी घ्या. क्रेडिट वाया गेलं तर वाचवलेले पैसे एका सेमिस्टरमध्ये परत जातात. इंजिनीअरिंगला तर डोळ्यांत तेल घालून बघा.

आणि टॅक्सचं एक, कुणी लिहिलं नाही म्हणून. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत मिळतं, चार वर्षं. त्यासाठी ४,००० डॉलर ट्यूशन ५२९ बाहेरून भरलेली लागते. दोघांचं एकत्र उत्पन्न १ लाख ६० हजारांपुढे गेलं की ते कमी होत जातं आणि १ लाख ८० हजारांना संपतं. रानजाई, ४०१के मध्ये पूर्ण भरणा केलात तर तुमचं टॅक्सवरचं उत्पन्न त्या रेषेच्या आत येऊ शकतं. सीपीएला (टॅक्सचं काम बघणाऱ्याला) विचारून बघा.

रानजाई
४ सप्टेंबर, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला बसवून आकडा सांगितला: वर्षाला ३२ हजार, त्यात तिचं डायरेक्ट लोन धरलेलं नाही. ती थोडा वेळ गप्प बसली, मग लॅपटॉप उघडून एच२ए शोधायला लागली. आज शाळेतून येऊन म्हणाली, आई, तुझ्या यादीतली दोन कॉलेजं एक डॉलरही देत नाहीत, काढून टाकू?

आता आमचं ठरलं ते असं. नेट प्राइस कॅल्क्युलेटर दर शनिवारी दोन कॉलेजांचे. तिच्या नावावरच्या यूटीएमएबद्दल सीपीएला विचारणार. सासऱ्यांच्या औषधपाण्याच्या पावत्या एका फोल्डरमध्ये. ऑक्टोबर २०२६ ला फाफ्सा उघडला की पहिल्याच आठवड्यात भरणार.

एक शेवटची शंका. माझं नाव पासपोर्टवर मधल्या नावासकट आहे, सोशल सिक्युरिटी कार्डवर मधलं नाव नाही, आणि लेकीच्या कार्डवर तिच्या बाबांचं नाव मधलं नाव म्हणून आहे. फाफ्साला कुठलं नाव घालायचं?

पाटीपेन्सिल
४ सप्टेंबर, रात्री ९:३५

सोशल सिक्युरिटी कार्डवर जसं छापलंय तसं, अक्षर न अक्षर. स्टुडंटएड डॉट गव्हवर तुमचं आणि लेकीचं वेगवेगळं खातं काढायचं, एकाच ईमेलवर नाही. नाव जुळलं नाही तर खात्याची पडताळणी अडकते आणि आपल्याकडच्या नावांमुळे हे फार होतं. दोघं नवराबायको एकत्र रिटर्न भरत असाल तर तुमच्यापैकी एकाचंच खातं पुरतं. टॅक्सची माहिती आयआरएसकडून थेट घेऊ द्यायला संमती विचारतील, ती तुम्ही आणि लेक दोघींनी द्यायलाच लागते. नाही दिली तर फेडरल मदतीची पात्रताच जाते, कर्जाचीसुद्धा. खाती उन्हाळ्यातच काढून ठेवा, ऑक्टोबरमध्ये फोन लागत नाही.